ओरिजिनल, डुप्लिकेट आणि तिसरा रॉड

गेल्या डिसेंबरात दौलताबाद रस्त्यावरच्या एका धाब्यावर आम्ही जुन्या मोटरसायकलींच्या नादाला लागलेली मंडळी जमलो होतो. सात-आठ बुलेट, चार जावा, दोन राजदूत ३५० आणि एक बीएसए गोल्ड स्टार, ब्रिटिश शर्यतीची नावाजलेली गाडी. बाकीच्या गाड्या पोरक्या उभ्या आणि सगळा घोळका गोल्ड स्टारभोवती. मालक बोलता बोलता सांगून गेला, की इंजिन उघडलं तेव्हा आतला कंपनीचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला फिरत्या क्रँकशी जोडणारी दांडी, काढला आणि बाहेरच्या कारखान्याने नव्याने केलेला बसवला. झालं! ‘म्हणजे गोल्ड स्टारचा नुसता पत्रा उरला की हो,’ आमचे एक जुने स्नेही म्हणाले, ‘आत डुप्लिकेट माल.’ त्यावर मालकाचा भाचा उसळला, ‘काका, गाडी पळवायचीय का हळद-कुंकू वाहायचंय तिला?’ चहा निवला, भांडण काही निवलं नाही. ते अजून मोबाइलवर चालू आहे. रोज सकाळी शुभप्रभातच्या फुलांसोबत दोन्हीकडचे चार-चार टोमणे येतात. एका बाजूला रॉड म्हणजे मूर्तीतला प्राण वाटतो, दुसऱ्या बाजूला साधा नटबोल्ट. रॉड हातात घेऊन उजेडात धरायची तसदी मात्र कुणीच घेत नाही.

मी चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. तेवढ्या अधिकाराने माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जी जुनी शर्यतीची गाडी पळवायची आहे, तिच्यात साठ वर्षं जुना कंपनीचा रॉड ठेवण्याचा हट्ट मला बेजबाबदार वाटतो. बाहेरचा रॉड घातल्याने तिची अस्सलता जाते हेही मला मान्य नाही, कारण या गाड्यांच्या शर्यती आज चालू आहेत त्याच मुळी बाहेरच्या रॉडांच्या जिवावर. विचारायचंच असेल तर असं विचारा : रॉड कुणी केला, कुठल्या पोलादाचा, आणि त्याची नोंद कुठे आहे?

या भांडणातला निम्मा घोळ शब्दाचा आहे. कुठल्याही स्पेअरपार्टच्या दुकानात जा, काउंटरवरचा पोऱ्या विचारतो, ‘कंपनीचा देऊ का लोकल?’ आपल्या डोक्यात दोनच कप्पे. कंपनीच्या डब्यातला तो ओरिजिनल, बाकी सगळा लोकल, आणि राग आला की तोच लोकल डुप्लिकेट होतो. पण डुप्लिकेट म्हणजे कंपनीचं नाव चोरून विकलेला माल. आपल्याच नावाने, आपल्या जबाबदारीवर, कंपनीपेक्षा चांगल्या पोलादाचा रॉड करून विकणाऱ्याला आपल्या दुकानदारीत शब्दच नाही. आणि कंपनीचा रॉड तरी कंपनीत जन्मतो का? गाड्यांचे कारखाने फोर्जिंग सर्रास बाहेरून घेतात. पुण्याची भारत फोर्ज १९६१ पासून उभी राहिली ती दुसऱ्यांच्या इंजिनांसाठी पोलाद ठोकूनच. राजकोटमध्ये तर कनेक्टिंग रॉडचे कितीतरी कारखाने आहेत. वाळूजमधल्या किती शेडमध्ये कुणाकुणाच्या गाडीचे ‘ओरिजिनल’ पार्ट जॉबवर्कवर होतात, हे इथल्या माणसाला मी काय सांगावं?

आता रॉडकडे येऊ. पिस्टन वर जातो, वरच्या टोकाला क्षणभर थांबतो, उलटा फिरून खाली येतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात एक्झॉस्टच्या शेवटी पिस्टन वर पोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर गॅसचा म्हणण्यासारखा दाब नसतो. वर निघालेल्या पिस्टनला थोपवून खाली खेचायचं काम तेव्हा एकटा रॉड करतो. ५०० सीसी बुलेटचा स्ट्रोक ९० मिलिमीटरचा. पिस्टन, रिंगा आणि पिस्टनला रॉडशी जोडणारी गजन पिन मिळून अर्धा किलो धरा. मिनिटाला ५००० फेऱ्यांवर त्या क्षणी रॉडवर साधारण पावणेआठशे किलोची ओढ येते. ६००० फेऱ्यांवर तीच अकराशे किलोच्या पुढे जाते. फेऱ्या वाढल्या शेकडा वीस, ओढ वाढली शेकडा चव्वेचाळीस, कारण ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. यात रॉडचं स्वतःचं वजन मी धरलेलंच नाही. ६००० फेऱ्यांवर ही ओढ सेकंदाला पन्नास वेळा बसते, तासाला एक लाख ऐंशी हजार वेळा. मनगटाएवढ्या जाडीच्याही नसलेल्या दांडीला अकराशे किलोचा हिसका लाखो वेळा देऊन बघा आणि मग मला सांगा, तिच्यावर कंपनीचा छाप आहे की नाही याने त्या दांडीला काय फरक पडतो.

हे नुसतं गणित नाही. माझ्या टेबलावर एक तुटलेला रॉड पडलेला असतो. आमच्या एका मित्राच्या जुन्या बुलेटचा. जालन्याबाहेरच्या माळावर हौशी पोरांनी शर्यत लावली होती, तिसऱ्या फेरीत वळणातून बाहेर पडताना त्याने थ्रॉटल पिळला आणि फाटकन आवाज झाला. गाडी मागच्या चाकावर घसरत गेली. मित्राचं मनगट मोडलं, यावरच निभावलं. इंजिन खाली घेतलं तर क्रँककेसला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या खोक्याला, तळहाताएवढं भोक आणि रॉडचा तुकडा त्यातून बाहेर डोकावतोय. हा रॉड अस्सल होता, कंपनीचाच, अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. आणि तो अस्सल आहे याचा मित्राला फार अभिमान होता.

तुटलेलं तोंड भिंगाखाली धरलं की सगळी कहाणी वाचता येते. एका कडेला शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या, एकीच्या बाहेर एक, गुळगुळीत. भेग रोज थोडी थोडी सरकत होती, त्याच्या या खुणा. उरलेला भाग खडबडीत, दाणेदार. तो एका झटक्यात तुटला. त्या वळ्यांचं मूळ शोधत मागे गेलं की बोट एका जागी थांबतं : रॉडच्या अंगावर आडवी मारलेली छन्नीची खूण. कुठल्या तरी मिस्त्रीने पूर्वी कधी इंजिन उघडताना रॉडची पुढची बाजू कुठली हे लक्षात राहावं म्हणून ती मारली असणार. भेग तिथूनच निघाली. ज्यांच्या हाताखाली मी इंजिनं उघडायला शिकलो ते चाचा तो तुकडा हातात फिरवत एवढंच म्हणाले, ‘लोहा भी थकता, मियाँ.’ आमचे स्नेही म्हणतात, जुन्या मिस्त्रींच्या खुणा हाच गाडीचा इतिहास. कबूल आहे. या गाडीच्या इतिहासानेच तिचा रॉड तोडला.

चाचांनी एका वाक्यात सांगितलं ते युरोपला कळायला बराच खर्च आला. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा आस तुटला आणि डबे पेटून माणसं मेली. लोखंड वापरून वापरून ‘स्फटिकासारखं’ होतं, अशी तेव्हाची समजूत. रँकिन या इंजिनिअरने पुढच्याच वर्षी दाखवलं, की आस जिथे जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यातून भेग निघते. पुढे जर्मनीत वोलरने आस वर्षानुवर्षं फिरवून फिरवून तोडले आणि पोलादाची एक मर्यादा सापडली : ताण तिच्या खाली ठेवला तर ते कितीही फेऱ्या सोसतं. अॅल्युमिनियमला मात्र अशी मर्यादाच नसते. ताण कमी असला तरी प्रत्येक हिसका कुठे तरी जमा होत राहतो. १९५४ मध्ये कॉमेट ही जेट प्रवासी विमानं आकाशात फुटली ती याच हिशेबाने. म्हणून अॅल्युमिनियमच्या जुन्या रॉडचं जतन करा म्हणणाऱ्याला मी विचारतो, त्याचा हिशेब किती उरलाय हे तुम्हाला माहीत आहे का? मागच्या पाच मालकांनी ती गाडी किती तास, किती फेऱ्यांवर पिळली, याची वही आहे?

हा प्रश्न आपल्याच दारातला आहे, कारण ब्रिटिश गाड्यांत अॅल्युमिनियमचे रॉड काही नवलाचे नव्हते. १९३७ साली एडवर्ड टर्नरने आखलेली ट्रायंफ स्पीड ट्विन आली, तिचे रॉड आरआर ५६ नावाच्या मिश्रधातूचे. हा धातू रोल्स-रॉइसच्या विमान इंजिनांच्या कामातून आलेला. हलका, फोर्ज करायला चांगला. पुढे नॉर्टन कमांडोपर्यंत हाच वाण चालू राहिला. आपल्या बुलेटचा रॉडही मिश्रधातूचा, बिग एंडला, म्हणजे क्रँककडच्या मोठ्या डोळ्याला, मोकळा फिरणारा तरंगता बुश. रस्त्यावरच्या संथ चालीला हे उत्तम. टर्नरने रॉड काढला तो कामावर जाणाऱ्या माणसासाठी, आणि त्या माणसाचं त्याने भलं केलं. त्याच इंजिनाला शर्यतवाले पिळायला लागले तेव्हा कंपनीच्या मूळ हिशेबाबाहेर पाऊल पडलं होतं. आणि शर्यत म्हणजे कंपनीच्या हिशेबाबाहेर जायचं, एवढंच की नाही?

म्हणून शर्यतीतल्या गाडीचा ‘मूळ रूपातला’ रॉड ही कल्पनाच मला पोकळ वाटते. मँक्स नॉर्टन या शर्यतीच्या गाडीच्या काळात फ्रान्सिस बिअर्ट, स्टीव्ह लान्सफिल्ड, बिल लेसी अशी ट्यूनर माणसं होती. कारखान्यातून आलेलं इंजिन ते सुटं करायचे आणि आपल्या पद्धतीने पुन्हा बांधायचे. त्या काळच्या शर्यतवाल्यांच्या कामात रॉड घासून आरशासारखा करणं हे रोजचंच. घासायचा तोही लांबीच्या दिशेने, कारण आडवा ओरखडा म्हणजे भेगेला आमंत्रण. माझ्या टेबलावरचा रॉड त्याची साक्ष आहे. १९६१ च्या टीटीत, म्हणजे आयल ऑफ मॅन बेटाच्या रस्त्यांवरच्या शर्यतींत, माइक हेलवुड या ब्रिटिश रायडरने सीनिअर (५०० सीसीची) शर्यत जिंकली ती लेसीने बांधलेल्या मँक्सवर. त्याच आठवड्यात १२५ आणि २५० च्या शर्यतीही त्याने होंडावर जिंकल्या होत्या. ज्युनिअर (३५० सीसीच्या) शर्यतीतही एजेएस सेव्हन-आरवर तो शेवटच्या फेरीपर्यंत पुढे होता, आणि तिथे गजन पिन तुटली. रॉडच्या वरच्या डोळ्यातली बोटभर पिन. फिल रीड जिंकला. चार विजयांचा आठवडा तीनवर आला तो एका पिनेमुळे. ती पिन तुटू नये म्हणून कुणी बाहेरच्या कारखान्यात चांगल्या पोलादाची करवून आणली असती, तर हेलवुडचा विजय ‘डुप्लिकेट’ ठरला असता का?

पुढचा इतिहास तर उघडाच आहे. व्हिन्सेंटने १९५५ मध्ये मोटरसायकली करणं थांबवलं. गोल्ड स्टार १९६३ च्या सुमाराला संपली, मँक्स त्याच आसपास. नॉर्टन, मॅचलेस, एजेएस ज्या कंपनीत होत्या ती एएमसी १९६६ मध्ये बुडाली आणि तिच्या शर्यतीच्या विभागाचं सामान कॉलिन सीलीने विकत घेतलं. व्हेलोसेटला १९७१ मध्ये टाळं लागलं. पाठोपाठ बीएसए. कारखाने गेले, शर्यती थांबल्या नाहीत. १९८३ मध्ये आयल ऑफ मॅनवरच्याच मँक्स ग्रां प्री शर्यतीत जुन्या गाड्यांचा क्लासिक गट सुरू झाला, २०१३ मध्ये क्लासिक टीटी. कधीच्या मेलेल्या कंपन्यांची इंजिनं पुन्हा पूर्ण थ्रॉटलवर साठ किलोमीटरच्या फेऱ्या मारायला लागली. त्यांना रॉड कुठून मिळणार होते? मेलेल्या कारखान्याच्या गोदामात पडलेला जुना नवाकोरा रॉड सापडला तर ठीक, नाही तर कुणी तरी नवा करायला हवा.

नवे करणारे दोन वाटांनी आले. एक वाट कॅलिफोर्नियाची. तिथे वाळवंटात आणि वाळलेल्या सरोवरांवर वेगाचे विक्रम करणाऱ्यांची एक जमात होती. त्यांतल्याच फ्रेड कॅरिलोने १९६३ मध्ये स्वतःच्या नावाने रॉड करायला सुरुवात केली. त्या रॉडची दांडी कापून बघितली तर इंग्रजी एच अक्षरासारखी दिसते, कंपनीच्या रॉडची आय अक्षरासारखी. लोक यावर तासन् तास भांडतात की कुठली भक्कम. मी टूलरूमचा माणूस, मला त्यात पैशाचं कारण आधी दिसतं. आयच्या आकाराचा रॉड साच्यात ठोकून करायला सोपा, पण साच्याचा खर्च हजारो नग काढले तरच वसूल होतो. ज्या गाडीच्या जगभरात दोनशे मालकांनाच रॉड हवाय, तिच्यासाठी साचा कोण काढणार? एच आकार मात्र भरीव पोलादातून मिलिंगवर कापून काढता येतो. आणि संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आल्यावर वीस नगांची ऑर्डरही परवडायला लागली. जुन्या गाड्यांच्या रॉडांचा हा सगळा बाजार उभा राहिला तो या हिशेबावर. आज वाळूजच्या जॉबवर्कवाल्याकडेही व्हीएमसी, म्हणजे त्याच जातीचं मिलिंग मशीन, असतं.

दुसरी वाट इंग्लंडातली, छोट्या छोट्या कारखान्यांची. सीलीपासून ते मँक्सची अख्खी इंजिनं नव्याने करणाऱ्या समरफिल्ड आणि मोल्नारपर्यंत. हे लोक नकला करत बसले नाहीत. कंपनी जिवंत असती तर तिने पुढे काय केलं असतं, ते यांनी केलं. ब्रिटनमध्ये ज्याला ईएन २४ म्हणतात ते निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं पोलाद इथल्या टूलरूमवाल्यालाही तोंडपाठ आहे. त्याचाच अमेरिकी भाऊबंद ४३४०. शर्यतीच्या रॉडसाठी हेच पोलाद व्हॅक्यूममध्ये पुन्हा वितळवून आणखी शुद्ध करतात, कारण आत राहिलेला मळीचा एक कण म्हणजे आतून मारलेली छन्नीची खूण. वर बारीक पोलादी छर्ऱ्यांचा मारा करतात, म्हणजे पृष्ठभाग आतल्या आत दाबून राहतो आणि भेगेला तोंड उघडायला जागा मिळत नाही. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळून उत्तम सळई होते आणि आपली अर्धी घरं तिच्यावर उभी आहेत, पण सळईला चालतं ते रॉडला चालत नाही. (जुने पोलादी रॉड भंगारात जातात तेव्हा त्यांतले काही जालन्यातच सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये निवांत झोपले असतील, असं मला उगीच वाटतं.)

आता स्नेह्यांच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करायला हवं, आणि ते थोडं नाही.

पहिलं, शर्यतीतला अन्याय. नवा रॉड घातला की रायडर निर्धास्त होतो आणि १९६१ च्या इंजिनाला १९६१ मध्ये कुणी नेलं नसतं तिथे नेतो. ज्याच्या खिशात पैसा तो पुढे. यात तथ्य आहे. पण रॉड स्वतः अश्वशक्ती देत नाही. ती येते कॅमशाफ्टमधून, हेडमधून, कॉम्प्रेशनमधून. शंकरपटात छकडा मोडू नये म्हणून कुणी चांगलं लाकूड वापरलं तर पंच हरकत घेत नाहीत. भांडण होतं ते बैलांवरून. वेगावर लगाम हवा तर फेऱ्यांवर मर्यादा घाला, कार्बोरेटरचं तोंड ठरवून द्या. सगळ्यांनी तुटायच्या लायकीचे रॉड वापरावेत म्हणजे शर्यत न्याय्य होईल, हा कुठला न्याय? त्या न्यायाने हेल्मेटही चामड्याचंच हवं.

दुसरं जास्त गंभीर आहे आणि ते मी मालकांच्या भाच्यालाच सुनावलं. भक्कम रॉड घातला की इंजिन भक्कम झालं, हा भ्रम आहे. अॅल्युमिनियमच्या जागी पोलाद आलं की वजन वाढतं, क्रँकचा तोल पुन्हा करावा लागतो. तो न करता बसवला तर गाडी हँडलमधून हाडं खिळखिळी करते. आणि सगळ्यांत कच्चा दुवा सावरला की ताण पुढच्या दुव्यावर जातो. १९७२ मध्ये नॉर्टनने कमांडोचं कॉम्बॅट नावाचं जादा ताकदीचं इंजिन काढलं. रॉड टिकले, पण वाकणाऱ्या क्रँकने मेन बेअरिंगं खाल्ली आणि कंपनीला वेगळ्या घडणीची बेअरिंगं घालावी लागली. ही चूक कुणा गल्लीतल्या मिस्त्रीची नव्हती, कंपनीची होती. म्हणून रॉड बदलणाऱ्याने क्रँक पिन, बेअरिंग, ऑइल पंप आणि क्रँककेस यांचाही विचार केलाच पाहिजे. नुसता महागडा रॉड घालून छाती काढणाऱ्यांबद्दल मलाही आमच्या स्नेह्यांइतकाच राग आहे.

तिसरा मुद्दा खऱ्या डुप्लिकेटचा. बाजारात चकचकीत खोक्यात, परदेशी नावाला मिळतं-जुळतं नाव छापून आलेले रॉड मिळतात. मी स्वतः असा एक घेतला होता, एका मोठ्या शहरातल्या दुकानातून, पावतीसकट. स्मॉल एंडच्या, म्हणजे रॉडच्या वरच्या डोळ्यातल्या, बुशला भोक मोजायचं बोअर गेज लावलं तर भोक गोल नव्हतं. हार्डनेस तपासला तर दांडी एका टोकाला कडक, दुसऱ्याला मऊ. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, कुणी एवढं बघत नाही.’ तो खरंच बोलत होता, आणि त्यालाच कारण आपला तो शब्द आहे. ओरिजिनल की डुप्लिकेट एवढंच विचारणारं गिऱ्हाईक खोक्यावरचं नाव वाचतं आणि घरी जातं. पोलाद कुठलं, हीट ट्रीटमेंटचा दाखला कुठे, भेग तपासणी केली का, असं विचारणारं गिऱ्हाईक असतं तर तो रॉड काउंटरपर्यंत आलाच नसता. स्नेह्यांच्या बाजूचा हा सगळ्यांत भक्कम मुद्दा, आणि तो वळून माझ्याच बाजूला येतो.

चौथा मुद्दा जतनाचा, आणि इथे मी बराच काळ डळमळीत होतो, कारण जतनाच्या नावाखाली काय होऊ शकतं ते आपल्या जिल्ह्यात भिंतीवर दिसतं. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहून तज्ज्ञ आणले. सुटणारे पापुद्रे त्यांनी चिकटवले, तेवढ्यासाठी आपण त्यांचे ऋणी आहोत. पण वरून जो चपडी लाखेचा थर दिला तो पुढे पिवळा पडला आणि चित्रं झाकोळली. तो थर काढायचं काम पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात पडलं. तेव्हा, जुन्या वस्तूला हात लावणाऱ्याने दहादा विचार करावा, हे मला पटतं. जी मोटरसायकल एखाद्या संग्रहालयात काचेमागे उभी राहणार आहे, तिचा रॉड काढणाऱ्याचा हात मीच धरेन. छन्नीच्या खुणेसकट तो आतच राहू दे. पण आपल्याच शहरात पाणचक्कीही आहे. दूरच्या टेकडीतलं पाणी मातीच्या नळांतून आणून दर्ग्यातल्या माणसांसाठी धान्य दळायला बांधलेली, अठराव्या शतकातली. तिचं काम फिरणं. पाण्याच्या धारेखाली फिरणारं चाक आणि पाती जशीच्या तशी किती काळ टिकतील? ती बदलायची नाहीत असं ठरवलं तर चक्की थांबेल, आणि थांबलेल्या चक्कीला आपण पाणचक्की म्हणू, पण बघायला येणारं पोर विचारेल की हिचं काय करायचं. अजिंठ्याचा नियम अजिंठ्याला, पाणचक्कीचा पाणचक्कीला. गाडी आधी कुठल्या रांगेत उभी करायची ते मालकाने ठरवावं आणि मग बोलावं. आमची मंडळी अजिंठ्याचा नियम सांगतात आणि रविवारी वेरूळच्या घाटात गाडी शंभरावर नेतात.

अस्सलतेचा हिशेब सरकारलाही करावा लागतो, आणि सरकारने तो आपल्यापेक्षा शहाणपणाने केलाय. आरसी बुक काढून बघा. चासी नंबर आहे, इंजिन नंबर आहे. रॉडचा नंबर नाही, पिस्टनचा नाही, व्हॉल्व्हचा नाही. गाडीची ओळख आरटीओने अशा दोन जागी ठोकली, ज्या सहसा बदलत नाहीत. बाकीचं झिजणार, बदलणार, हे त्यात गृहीत धरलंय. आणि कुणाला वाटत असेल की बदललेल्या भागांमुळे इतिहास पुसला जातो, तर तो पुसला जातो लपवल्यामुळे. बदलल्यामुळे नव्हे. त्या गोल्ड स्टारच्या मालकाने काय केलंय ते मी नंतर त्याच्या घरी जाऊन पाहिलं. जुना रॉड तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलाय. डब्यावर तारीख, काढला तेव्हाची मापं, बिग एंडची झीज. एका दोनशे पानी वहीत नव्या रॉडची पावती चिकटवलीय, पोलादाचा दाखला, वजन, तोल करताना किती ग्रॅम कुठून काढले ते. साठ वर्षांत त्या इंजिनाबद्दल एवढं कुणी कधी लिहून ठेवलं नसेल. आमच्या स्नेह्यांची स्वतःची बुलेट ‘संपूर्ण ओरिजिनल’ आहे. वही नाही.

एका ठिकाणी मात्र माझं उत्तर अडतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जालन्याच्या माळावर फुटलेल्या त्या बुलेटची क्रँककेस आम्ही चाचांकडे नेली. चाचांनी भोकाच्या कडा कापून साफ केल्या, आतून तुकडा बसवला, आर्गन वेल्डिंगने भरलं आणि दोन दिवस कानशीने घासत बसले. इंजिन आता चालतं, आत नवा पोलादी रॉड आहे आणि आवाज गोड आहे. पण वेल्डच्या टाक्यापासून ठोकलेल्या इंजिन नंबरचा पहिला आकडा जेमतेम दोन बोटांवर आहे. रॉड अंगठाभर अलीकडे फुटला असता तर नंबरच गेला असता. मग काय करायचं? नवी क्रँककेस आणायची? तिच्यावर जुना नंबर ठोकायचा म्हटलं तर आरटीओच्या दारात गुन्हा. नव्या नंबराने नोंद करायची म्हटलं तर ती कुठली गाडी? मी चाचांना विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नंबरावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘उसका मेरे कू नको पूछो.’ आमचे स्नेही या मुद्द्यावर बोलायला लागले तर मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसेन.